चौगुले सरांचा उंचवटा

आमच्या कॉलेजात साबणावर संशोधन करणारी एकच खोली होती, आणि त्या खोलीत साबणाला सक्त मनाई होती. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रुजू होऊन जेमतेम दुसरा दिवस. चहा झाल्यावर कप धुवायला म्हणून मी जवळात जवळ दिसलं त्या बेसिनपाशी गेले, पिशवीतून साबणाची वडी काढली आणि कप घासायला घेतला. मागून असा आवाज आला की कप हातातून सुटला.

"ओ बाई! साबण? हितं?"

दारात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले एक उंच, सावळे गृहस्थ उभे होते. दरोडा पडताना पाहावा तसा चेहरा. मी म्हटलं, "कप धुतेय."

"ते दिसतंय मला. पण साबणानं कशापायी?"

साबणानं नाही तर कशानं धुतात, हे आईनं मला शिकवलं नव्हतं. पण पुढं समजलं की माणूस वेडा नाही. पाण्यात साबणाचे रेणू कसे वागतात हे ते मोजायचे, आणि मोजमाप इतकं नाजूक की बोटाला लागलेला परका साबणसुद्धा आकडे बिघडवायचा. त्यांची काचेची भांडी ॲसिडनं निघायची, मग पाण्यानं, मग आणखी पाण्यानं. ते पाणीही नळाचं नव्हे, तीनदा वाफ करून पुन्हा थंड केलेलं. सर शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले. "आमच्या आईनं पाणी गाळून प्यायला शिकवलं," असं ते म्हणायचे. "मी फक्त जरा जास्तच गाळतोय."

हे भूपाल चौगुले सर. फिजिकल केमिस्ट्री शिकवायचे. मी ऑरगॅनिकवाली, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं दुय्यम नागरिक. "तुमचं बरं हाय बाई," ते मला म्हणायचे, "वास आला की रिॲक्शन झाली." सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांच्या घरचा नेम होता, त्यामुळे संध्याकाळी सगळे घरी निघायच्या गडबडीत असताना हे स्टाफरूमच्या कोपऱ्यात डबा उघडून बसायचे. भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. खाताना बोलायचे नाहीत. एरवी मात्र तोंडाला कुलूप नव्हतं, आणि आवाज असा की त्यांचा तास शेजारच्या वर्गालाही फुकटात मिळायचा.

मलाही तो तसाच मिळाला. साबणाच्या रेणूला डोकं असतं आणि शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला आवडत नाही. साबण पाण्यात थोडा असतो तोवर रेणू सुटे हिंडतात. ठरावीक प्रमाण गाठलं की एकाएकी गोळा होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. त्या गोळ्याला मिसेल म्हणतात. इथवर पुस्तकात असतं. आता प्रश्न असा की जगात सगळं पसाऱ्याकडे जात असताना हे रेणू गोळा का होतात? दरवर्षी कुणीतरी हुशार पोरगं उठून म्हणायचं, "सर, शेपट्यांना एकमेकींची ओढ असते." सर त्याचीच वाट बघत असायचे.

"ओढ न्हाय नि बिढ न्हाय! पाण्याला इचारलंस का?"

मग लग्न यायचं. लग्नात एक पावणं रुसून बसलंय. त्याची समजूत काढायला चार माणसं त्याच्याभोवती अडकलेली. असे दहा रुसलेले पावणे दहा कोपऱ्यांत बसले, तर चाळीस माणसं अडकली. ना जेवण, ना वरात. मुलीचा मामा शहाणा. तो काय करतो? दहाच्या दहा रुसलेल्यांना एकाच खोलीत बसवतो. दाराशी चार माणसं पुरतात, बाकीची छत्तीस नाचायला मोकळी. "आता मला सांगा," सर गर्जायचे, "ते धा जण एकमेकांवर जीव हाय म्हणून एकत्र बसल्यात व्हय? आरं, मोकळं कोण झालं ते बघा की! मोकळं पाणी झालंय!" शेपटीभोवती अडकलेले पाण्याचे रेणू सुटतात, पसारा त्यांचा वाढतो, म्हणून मिसेल बनतो. एन्ट्रॉपी, म्हणजे हाच पसारा, मी तीन पुस्तकांतून शिकले होते. समजली ती भिंतीपलीकडून.

सरांच्या नावावर तरुणपणी केलेलं एक काम होतं आणि आमच्या विभागात त्याचा दबदबा होता. मिसेल बनताना थंड पाण्यात उष्णता आत घेतली जाते, पाणी तापत गेलं की बाहेर टाकली जाते. मधे एक तापमान असं येतं की ना देणं ना घेणं. तिथे मिसेल बनतो तो निव्वळ पाणी मोकळं व्हावं म्हणून. मिसेल बनायला किती साबण लागतो हे सरांनी वेगवेगळ्या तापमानांना मोजून आलेख काढला होता, वाटीसारखा खाली जाऊन पुन्हा वर येणारा. वाटीचा तळ म्हणजे ते तापमान. परदेशी नियतकालिकात तो छापून आला होता. वाटीच्या डाव्या अंगाला एके ठिकाणी बारीकसा उंचवटा होता. तो आकडा घेतला त्या दिवशी वीज गेली, पाण्याचं तापमान हवं तितकं स्थिर राहिलं नाही, आणि एक आकडा जरा वर गेला. तो बिंदू गाळावा असं सुचवणाऱ्यांना सरांनी तेव्हा सांगितलं होतं, "यंत्रावर वाचलंय ते वाचलंय." पुढं साऱ्या विद्यार्थ्यांनी ती वाटी उंचवट्यासकट पाठ केली.

रोहिणी माने आमच्याकडे एम.एस्सी.ला होती तेव्हा पुराचं पाणी सरांच्या गावच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही पंधरा-वीस जण साफसफाईला गेलो. भिंतींना कमरेइतका चिखल, भांडी, कपडे, कपाटं, सगळ्याला तो वास. मुलांनी बादल्यांत पावडरीची पाकिटंच्या पाकिटं ओतायला सुरुवात केली. सर कमरेवर हात ठेवून ओरडले, "आरं, किती? मिसेल झाल्यावर वरची पावडर काय कामाची? गटारीला साबण लावालाय व्हय?"

मुलांनी हात आखडते घेतले. रोहिणी माझ्या शेजारी पातेली घासत होती. ती अगदी हळू, मला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "मॅडम, चिखलच निम्मा साबण खातोय. हितं जास्तच लागणार."

"मग सरांना सांग की."

तिनं जीभ चावली. "सरांस्नी कसं सांगायचं?"

मी सांगितलं. ओरडूनच सांगितलं, कारण तिथे त्याशिवाय ऐकू जात नव्हतं. सर पातेल्यापाशी आले, बादलीत डोकावले. "बरोबर हाय हिचं. ओता रे पावडर!" मग रोहिणीकडे वळून म्हणाले, "मला का सांगितलं न्हाईस?" ती मान खाली घालून घासत राहिली. परत येताना गाडीत सर मला म्हणाले, "पोरगीला कळतंय सगळं. पण बरोबर असून गप बसती. ह्याच्यासारखा घातक माणूस न्हाय, बाई."

पुढल्या वर्षी त्यांनी तिला पीएच.डी.ला घेतलं. रोहिणीच्या घरी म्हशी होत्या. पहाटे धारा काढून, डेअरीत दूध घालून ती एस.टी.नं यायची आणि लॅब उघडायला शिपायाच्याही आधी दारात उभी असायची. सरांचंच जुनं काम तिनं नव्या यंत्रावर, जास्त बारकाईनं पुन्हा करायचं, आणि तिथून पुढं जायचं, असं ठरलं. वर्षं गेली. ती मोजत राहिली, सर शिकवत राहिले, आणि सरांच्या निवृत्तीचा शेवटचा उन्हाळा जवळ आला. त्याच उन्हाळ्यात प्रबंध द्यायचा होता. सर निवृत्त झाले की तिला नवा मार्गदर्शक शोधावा लागणार, आणि घरचे तर केव्हाचे म्हणत होते, आता बास.

एका संध्याकाळी सर डबा न उघडता स्टाफरूममध्ये बसलेले दिसले. समोर रोहिणीचे आलेख. मी विचारलं, "काय झालं? चुकलंय?"

"न्हाय. लईच बरोबर हाय." त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. तशीच वाटी, तळ तिथंच. आणि डाव्या अंगाला तो बारीक उंचवटा.

मला उलगडायला जरा वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी रोहिणीला बोलावून घेतलं. ती आली. सर आवाज चढवतील म्हणून मी उठू लागले, तर म्हणाले, "बसा बाई." मग तिला अगदी शांतपणे विचारलं, "मोजमाप चालू असताना लाईट गेलती काय गं?"

"न्हाई सर. आता इन्व्हर्टर हाय की."

"मग ह्यो उंचवटा कुठनं आला?"

सरांनी कागदावर बोट ठेवलं.

"ह्यो माझा हाय. माझ्या लाईटीचा. ह्यो तुझ्याकडं कसा आला?"

मग ती रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. तिच्या वाटीचा तळ वेगळ्याच ठिकाणी येत होता, सरांच्या तळापेक्षा कमी तापमानाला. तिनं दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच. तिची खात्री पटली की आपलंच कुठंतरी चुकतंय, कारण सरांचं तर छापून आलंय. दिवस थोडे राहिले. तिनं आपले आकडे फेकून दिले आणि सरांच्या वाटीला जुळतील असे आकडे लिहिले. उंचवटासुद्धा गाळला नाही. सरांनी छापलाय म्हणजे तो असणारच.

खोटे आकडे लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. स्वतःचं घोडं पुढं दामटायला लिहितात. गुरूचा मान राहावा म्हणून आपलं खरं काम केराच्या टोपलीत टाकणारी ही पहिलीच.

"चोरीच हाय ही," सर म्हणाले. "पण असली चोरी मी जन्मात बघितली न्हाय. स्वतःचं खरं टाकून माझं खोटं उचललंस!"

"तुमचं खोटं कसं असंल सर?"

"ते मोजल्याबिगर तुला तरी काय ठावं आणि मला तरी काय ठावं?" ते उठले. "उद्यापासनं सगळं परत. पैल्यापासनं."

मी अस्वस्थ झाले. तिचं खरं निघालं, तर ज्या एका कामावर सरांचं नाव उभं होतं ते निवृत्तीच्या तोंडावर कोसळणार. सरांचं खरं निघालं, तर पोरीची इतकी वर्षं पाण्यात. मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, "सर, मनातून काय वाटतंय?"

"खरं सांगू? माझंच बरोबर यावं वाटतंय. लई वाटतंय." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हे पुटपुटला. "म्हणून तर भ्या वाटतंय मला माझं."

पुढचे दिवस मी त्या खोलीत जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. यंत्रावरचा शेवटचा आकडा सारखा थरथरत असतो. दोन आकड्यांतला कुठला खरा धरायचा हे डोळा ठरवतो, आणि डोळ्याला मन चिमटा काढतं. म्हणून सर यंत्राकडे पाठ करून खुर्ची टाकायचे आणि खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. वाचायची ती, लिहायची ती. सर फक्त विचारायचे, "पाणी थिर झालं? मग घे." एकदाही मागं वळले नाहीत. रोहिणी सुरुवातीला आकडा घेताना त्यांच्या पाठीकडे बघायची. पुढं यंत्राकडेच बघू लागली.

शेवटचा बिंदू मांडून झाला त्या दिवशी तिनं कागद त्यांच्या हातात दिला. वाटी गुळगुळीत होती, कुठे उंचवटा नाही, आणि तळ तिच्याच जागी, सरांच्या तळापासून चांगलाच डावीकडे. सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि "बरं" म्हणून निघून गेले. सूर्य मावळला तरी त्यांचा डबा तसाच टेबलावर होता. मला फार वाईट वाटलं. थोडा रोहिणीचा रागही आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून नेहमीचा आवाज आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. जाऊन बघते तर सर रोहिणीपुढं येरझाऱ्या घालत होते.

"तू साबणाचं पाणी कधी करत हुतीस?"

"रोज सकाळी सर. ताजं."

"रोज!" त्यांनी कपाळावर हात मारला. "आवं बाई, ऐका हे. आमच्या वेळंला शुद्ध माल मिळायचा चिमूटभर. मी काय केलं? एकदाच मोठी बाटली करून ठेवली आणि तीच महिनाभर पुरवली. आधी थंडीतली मोजमापं, मग हळूहळू गरमातली. ती बाटली रोज शिळी होत हुती! साबण पाण्यात पडून पडून कुजत हुता, आणि मला वाटालतं ह्यो तापमानाचा गुण हाय. माझी वाटी निम्मी तापमानाची, निम्मी शिळ्या साबणाची!"

असं म्हणून ते हसायला लागले. ओढूनताणून आणलेलं हसू नव्हतं ते. इतकी वर्षं दडून बसलेला चोर सापडल्याचं होतं. त्यांनी लगेच एक मोठी बाटली भरून मुद्दाम शिळी व्हायला ठेवली. रोहिणीनं तिच्यातूनच महिनाभर मोजलं, आधी थंडीतलं, मग गरमातलं, तर तळ उजवीकडे सरकलेला, जवळजवळ सरांच्या जागी. सरांनी त्या परदेशी नियतकालिकाला स्वतःहून दुरुस्ती पाठवली. मी म्हटलं, इतक्या जुन्या गोष्टीची कोण वाट बघतंय? तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मात्र एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. व्हायवाला रोहिणीला स्वतः बोलावं लागणार होतं. भरल्या सभागृहात, सरांसमोर, आणि तिच्या वडिलांसमोरही. ते डोक्याला पटका बांधून, दूध घालून तडक आले होते आणि मागच्या रांगेत अवघडून बसले होते.

बाहेरून आलेले परीक्षक अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नेमकं तेच विचारलं. "तुमच्या मार्गदर्शकांनी पूर्वी प्रसिद्ध केलेलं मूल्य आणि तुमचं मूल्य यांत बराच फरक आहे. याविषयी काय सांगाल?"

रोहिणीनं सरांकडे पाहिलं. सर छताच्या पंख्याकडे बघत होते. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी उत्तर दिलंही असतं, पण ते गप्प बसले. मी ओळखत असलेल्या इतक्या वर्षांत त्यांना इतकं अवघड काम करताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गेलं. आता ही मान खाली घालणार.

"सरांचं मूल्य चुकलं होतं," रोहिणी म्हणाली. आवाज कापत होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. "का चुकलं ते मी दाखवते." आणि तिनं फळ्यावर दोन वाट्या काढल्या, एक ताज्या साबणाची, एक शिळ्याची. पाच मिनिटांत तिचा आवाज कापायचा थांबला. दहा मिनिटांत ती परीक्षकांना मधेच थांबवून म्हणाली, "नाही सर, तसं नाही." मी सरांकडे पाहिलं. ते अजून पंख्याकडेच बघत होते, पण डोळे पुसत होते आणि ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती.

बाहेर तिचे वडील सरांपुढं हात जोडून उभे राहिले. "सर, पोरगी चार माणसांत तुमची चूक बोलली. आमच्यात मास्तरला असं कोण बोलत न्हाय. पोटात घ्या."

"आवं पावणं, कसली माफी मागताय!" सरांनी त्यांचे हात धरले. "आजवर माझ्या पोरांनी मला हारतुरे लई घातले. माझं काम कुणी वाचलं न्हवतं. हिनं वाचलं." वडिलांना ते कितपत कळलं कोण जाणे. पण जाताना त्यांनी पटका सारखा केला आणि लेकीची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

रोहिणी आता पेठ वडगावला शिकवते. सर निवृत्त होऊन घरी बसले असतील असं मी धरून चालले होते. परवा शाहूपुरीतलं काम उरकून बसस्टँडवर आले, तर हे वडगावच्या गाडीत चढायच्या बेतात. काखेत भलंमोठं खोकं. मी विचारलं, "सर, हे काय?"

"काचेचं सामान हाय. तिला कॉलेजनं एक खोली दिल्या. शनवारी-शनवारी मी जातोय."

"आता कसलं काम काढलंत?"

"माझीच जुनी कामं. ह्या एकात शिळा साबण निघाला, तर बाकीच्यात निघणार न्हाय व्हय? सगळी परत करालोय."

वयाची साठी उलटलेला माणूस आयुष्यभराचं काम पुन्हा उकरायला निघालेला, आणि चेहऱ्यावर ही खुशी. मी म्हटलं, "सर, भीती नाही वाटत?"

कंडक्टरनं घंटी मारली. "ओ पावणं, खोकं मांडीवर घ्या आणि बसा बघू!" सर खोकं घेऊन चढले, खिडकीची जागा पटकावली आणि गाडी सुटता सुटता डोकं बाहेर काढलं. पोरीला सोन्याचं पदक मिळाल्याचं बापानं सांगावं, तसं साऱ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्यानं ते मला ओरडून म्हणाले, "काल फोन आलता तिचा! म्हणाली, सर, दुसरं पण चुकलंय!"